वाळूचं सामान

१

खाकी शर्टाला बिल्ला लावताना अश्विनीनं पिन तोंडात धरली होती. तेवढ्यात अमृतचा फोन वाजला. पलीकडून अरिहंत एवढ्या मोठ्यानं बोलला की चुलीपुढं बसलेल्या तिच्या सासूला, साळुबाईंनाही ऐकू गेलं.

"अमृत, गोडाऊन फुटलं!"

अमृत अनवाणीच जीपकडं पळाला. अश्विनीनं पिन टोचली, तिकिटाचं मशीन खांद्याला अडकवलं आणि नवऱ्याच्या शेजारी चढून बसली. "मला डेपोवर सोड," ती म्हणाली. पण डेपो आला तेव्हा ती काही उतरली नाही. कंडक्टर असली म्हणून काय झालं, गाडी सुटायला अजून वेळ होता आणि या सहलीचं सगळं नियोजन तिचं होतं.

सहल साधीसुधी नव्हती. अमृत, अरिहंत आणि गॅरेजवाला दादाभाऊ हे तिघं शाळेपासूनचे मित्र. पावसाळा संपला की जीपा काढायच्या, ओढ्यानाल्यांतून, डोंगराच्या सोंडेवरून घालायच्या आणि चिखलानं माखून घरी यायचं, हा त्यांचा जुना नाद. यंदा मात्र थेट राजस्थान गाठायचं ठरलं होतं. खऱ्या वाळवंटात गाड्या चालवायच्या, वाळूतच तंबू ठोकायचे. आणि त्याला कारणही तसंच होतं. अरिहंतचे आजोबा दलीचंदशेठ मूळचे तिकडचे. त्यांच्या गावामागं वाळूचा मोठा धोरा, म्हणजे टेकाड, होता असं ते सांगत. अरिहंत त्याच गोष्टी ऐकत वाढला होता. "दादाजींना एकदा त्यांच्या धोऱ्यावर नेऊन बसवायचं," एवढाच त्याचा हट्ट. शेठनाही तो सोबत नेणार होता आणि आजी पानबाईंनाही.

शुक्रवारी पहाटे निघायचं होतं. आज मंगळवार.

नारायणगावच्या पेठेत दलीचंदशेठचं दुकान आहे. पुढं शेतीची अवजारं, पाइप, दोर, फवारणीचे पंप. वर राहतं घर. मागं पत्र्याचं गोडाऊन. गोडाऊनच्या दारात अरिहंत डोकं धरून बसला होता. दादाभाऊ आधीच येऊन पोचला होता.

अश्विनीनं कुलूप हातात घेऊन पाहिलं. "फुटलं कुठं? कुलूप तर धड आहे."

"फुटलं नाही वहिनी. पण सामान गेलं!"

आत तंबू होते, शेगडी होती, गाडीत लावायचा छोटा फ्रिज होता, एकमेकांशी बोलायचे महागाचे वायरलेस सेट होते. यांतल्या कशालाही हात लागला नव्हता. गेलं होतं ते एवढंच: चाकात हवा भरायचा पंप, चाक रुतलं की त्याखाली सरकवायच्या प्लास्टिकच्या पाट्या, गाडी ओढायचा पट्टा आणि फावडं.

दादाभाऊनं हात झटकले. "संपलं राव. वाळूत शिरताना चाकाची हवा काढावी लागती, बाहेर आलं की भरावी लागती. पंप न्हाई, पाट्या न्हाई. आता मागवलं तरी शुक्रवारपतुर येनार नाय. आनि सामानाबिगर मी वाळूत गाडी घालनार न्हाई. मान्सं अडकून मरत्यात तिथं."

"मग डांबरी रस्त्यानं जाऊन येऊ," अमृत पडेल आवाजात म्हणाला. "देवळं बघू, किल्ले बघू."

"किल्ली कुठं असते?" अश्विनीनं विचारलं.

"वर घरात. जिन्याजवळच्या खुंटीला." बोलता बोलता अरिहंत थांबला. काल संध्याकाळी सगळे वरच जमले होते. जेवण झालं, बोलणं झालं. सामान तेव्हा जागेवर होतं, कारण दादाभाऊनं स्वतः मोजून घेतलं होतं. त्यानंतर किल्ली खुंटीवरून निघाली आणि पुन्हा खुंटीवर लागली.

म्हणजे चोर बाहेरचा नव्हता.

अरिहंतनं मान वर केली. वरच्या खिडकीत त्याची बायको रीना उभी होती. गेले पंधरा दिवस ती एकच गोष्ट सांगत होती: वाळूत नको, देवळं बघू.

२

अश्विनीची पहिली फेरी उशिरा सुटली आणि तिनं ड्रायव्हरची बोलणी खाल्ली. पण गाडीत तिकिटं फाडताना तिचं डोकं गोडाऊनमध्येच होतं.

माणसं ओळखणं हा तिचा रोजचा धंदाच झाला होता. पंचाहत्तरी ओलांडली की फुकट प्रवास, म्हणून साठीतले बाप्ये कंबरेत वाकून चढत. तिकीट वाचवायला मागच्या गावाला बसलेली मंडळी पुढच्या थांब्याचं नाव सांगत. त्यांतून तिला एक गोष्ट कळली होती. जो खरंच त्या थांब्यावर बसलेला असतो तो नुसतं नाव सांगतो आणि पैसे पुढं करतो. खोटं बोलणारा मात्र थांबा रंगवून सांगतो: ते वडाचं झाड, ती टपरी, तिथं आज किती गर्दी होती.

दुपारी गाडी परतल्यावर ती दादाभाऊच्या गॅरेजवर गेली. तो जीपखाली आडवा झाला होता. बाहेर नुसते पाय दिसत होते.

"दादाभाऊ, तुम्हाला जायचं नव्हतं का वाळवंटात?"

पाय हलायचे थांबले. मग सगळा माणूस बाहेर आला. तोंडाला ऑइल, डोळ्यात राग. "वहिनी, मी रविवारी आण्याच्या पठारावर तळ्याच्या काठाला चिखलात मान घालून फावडं मारलं, ते काय हौस म्हनून? ह्यांना सराव व्हावा म्हनून गाडी मुद्दाम रुतवली मी."

"राग नको. विचारायला लागतं."

"मला जायचंच नसतं तर सोपं व्हतं. इंजिनात खोट हाय म्हनालो असतो. माझ्या शब्दापुढं कुनी बोललं असतं का?"

हे खरं होतं. दादाभाऊनं एखादी गाडी नापास केली की तालुक्यात ती कोणी घेत नसे. त्याला चोरी करायची गरज नव्हती.

घरी येऊन तिनं सासूला विचारलं. साळुबाई कालच्या बैठकीत होत्या आणि पहिल्या दिवसापासून या सहलीच्या विरुद्ध होत्या. त्यांनी शेंगा फोडता फोडता सुनेकडं बघितलं.

"म्या चोरलं आसं म्हनायचंय का तुला?"

"तसं नाही आई."

"आगं, मला थांबवायचं आसतं तर जीपच्या चाव्या हिरीत टाकल्या आसत्या. ते पंप आन् पाट्या कशाला उचलू? मला तर ते कशाला लागतंय ते बी ठाव न्हाई." त्यांनी एक शेंग सुनेच्या हातावर ठेवली. "मला भ्या वाटतं ते तुमी लांब जानार म्हनून. वाळूत जा न्हाईतर बर्फात, मला सारखंच."

अश्विनी शेंग हातात घेऊन तशीच बसली. सासू सहज बोलून गेली होती, पण तिनं गाठ सोडवायला सुरुवात करून दिली होती. चोराला सहल मोडायची नव्हती. नाहीतर चाव्या, कागद, तंबू, काहीही गेलं असतं. चोराला सहल चालणार होती. चालणार नव्हती ती फक्त वाळू.

आणि वाळू नको असं उघड म्हणणारी एकच व्यक्ती होती.

अश्विनीची संध्याकाळची फेरी मंचरला जाणारी होती. गाडी नारायणगाव स्टँडवरून हलणार, तोच एक बाई बॅग घेऊन घाईनं चढली. मागच्या बाकावर जाऊन खिडकीकडं तोंड करून बसली.

रीना होती.

३

"एक मंचर," रीना म्हणाली. आवाज जड होता.

अश्विनीनं तिकीट फाडलं. पुढची माणसं उतरेपर्यंत धीर धरला आणि मग तिच्या शेजारी टेकली.

"माहेरी?"

"हो." रीनानं ओढणीनं नाक पुसलं. "ताई, दुकानात गिऱ्हाइकासमोर म्हणाला तो मला, 'तुला नव्हतं जायचं, तर सरळ सांगायचंस, चोरी कशाला केलीस?' गिऱ्हाइकासमोर! आजी रडायला लागल्या. दादाजी तर पाठ फिरवून उभे राहिले."

"आणि तू?"

"मी काय सरळ सांगितलं नव्हतं का? रोज तर सांगत होते. चार माणसांत भांडून सांगत होते!"

अश्विनीला ते तिथल्या तिथं पटलं. एखादी गोष्ट जी बाई भांडून मागते, ती चोरून कशाला मिळवेल? रीनाला हवं ते ती चौकात उभी राहून मागायची. शिवाय ती सकाळी जुन्नरच्या शाळेत शिकवायला जायची ती संध्याकाळी यायची. गोडाऊनमधली कुठली वस्तू कशाला लागते हे विचारायलाही ती कधी खाली उतरली नव्हती.

"पण तुला वाळू नको का वाटत होती? खरं सांग."

कळंबचा पूल मागं गेला.

"दादाजींमुळं," ती म्हणाली. "आधी मलाही हौस होती. पण ताई, सहल ठरल्यापासून ते जेवत नाहीत नीट. पूर्वी आपणहून वाळूच्या गोष्टी सांगायचे. आता कोणी वाळूचं नाव काढलं की ताटावरून उठतात. मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, एवढा प्रवास झेपणार नाही, आणि नातवाचं मन मोडायचं नाही म्हणून बोलत नाहीत. म्हणून मीच वाईटपणा घेतला. म्हटलं, माझ्या नावावर देवळं बघू."

"हे अरिहंतला सांगितलंस?"

"त्यानं विचारलं कुठं? त्यानं नुसतं ठरवलं."

मंचर आलं. रीना बॅग घेऊन उतरली. तिची आई स्टँडवर उभी होती. तिनं मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी चालू लागल्या. अश्विनीनं दोरी ओढून घंटी दिली. सहल गेली तर गेली. आता एक संसार पणाला लागला होता, आणि तोही एका फावड्यापायी.

परतीच्या वाटेवर तिला रीनाचं एक वाक्य सोडेना. दादाजी पाठ फिरवून उभे राहिले. दलीचंदशेठ घरातल्या भांडणात नेहमी मधे पडणारे. नातसुनेवर आळ आला आणि त्यांनी पाठ फिरवली?

४

बुधवारी अश्विनीची सुट्टी होती. ती दुकानात गेली तेव्हा अरिहंत गल्ल्यावर होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"रीनाला फोन केलास?"

"ती उचलत नाही, वहिनी."

"मग गावाचं तरी सांग. दादाजींचं गाव म्हणजे नेमकं कुठलं?"

त्यानं मोबाइलवर नकाशा काढला. "सांकरणा. नकाशावर या नावाची दोन गावं निघाली. एक डोंगराच्या पायथ्याला आहे, दुसरं हे, खोल वाळूत. मी वाळूतलं धरलं. दादाजींचं गाव डोंगरात कसं असेल?"

"त्यांना विचारलंस का, या दोन्हींतलं कुठलं?"

"विचारायचं काय त्यात? लहानपणापासून ऐकतोय की." तो खिन्न हसला. "शाळेत पोरं मला उंटवाला म्हणून चिडवायची. रडत घरी आलो की दादाजी मांडीवर घ्यायचे. म्हणायचे, त्यांना काय माहीत, तुझ्या आजोबांच्या अंगणात सोन्याचा डोंगर होता, रोज वाऱ्यानं नवा घडायचा. मग मी पोरांना ऐटीत सांगायचो."

"त्यानंतर कोणी गेलं नाही तिकडं?"

"कोण जाणार? दादाजींचे आईवडील ते चार वर्षांचे असतानाच गेले. चुलते त्यांना इकडं घेऊन आले. घर नाही, जमीन नाही. आजी नगरची. लग्नकार्यं सगळी पुण्याला."

शेठ आतल्या बाजूला गादीवर बसले होते. पांढरं धोतर, टोपी, हातात माळ. एरवी अश्विनी दिसली की "या मास्तरीणबाई, आमचं तिकीट काढा" म्हणून थट्टा करायचे. आज नुसतं "ये पोरी" म्हणाले.

ती त्यांच्यासमोर बसली. "बाबा, सहल तर आता होत नाही. निदान तुमच्या धोऱ्याची गोष्ट तरी सांगा. मी कधी नीट ऐकलीच नाही."

त्यांनी नको म्हणून हात हलवला. पण गोष्ट इतक्या वेळा सांगितलेली होती की एकदा पहिला शब्द निघाल्यावर पुढचे आपोआप आले. वैशाखातल्या भर दुपारी पोरं अनवाणी धोऱ्यावर पळायची. वरून घसरत खाली यायची. धोऱ्यावर सीताफळाची झाडं होती, फळं पिकून पडायची. खाली नदी. कधी कधी वर बिबट्या येऊन बसायचा आणि आई हाक मारून सगळ्यांना घरात घ्यायची. वाळू कशी, तर चांदण्यात दुधासारखी. वाऱ्यानं तिच्यावर लाटा उठायच्या, उंटांची रांग जायची, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज...

ते सांगत होते आणि अश्विनीला एसटीतले रंगवून सांगितलेले थांबे आठवत होते.

वैशाखातली दुपार तिला माहीत होती. नदीच्या पात्रातली वाळू त्या वेळी तव्यासारखी तापते. कुकडीकाठची पोरंसुद्धा चप्पल घालून पळतात, मग वाळवंटातली अनवाणी कशी पळतील? सीताफळ तिच्या शेताच्या बांधावर होतं. त्याला मुरूम लागतो, दगड लागतो. वाळूच्या ढिगावर ते कसं उगवेल, जो ढीग वारा रोज हलवतो? बिबट्या तर जुन्नरच्या माणसाला कोणी शिकवायला नको. त्याला आडोसा लागतो. झाडी नाहीतर कपार.

गोष्टीतली टेकडी खरी होती. झाडं खरी होती. नदी, बिबट्या आणि हाक मारणारी आई खरी होती. त्या सगळ्यावर वाळू मात्र कोणीतरी मागून आणून ओतली होती.

ती उठली. निघताना दाराजवळच्या नव्या फावड्यांकडं तिचं लक्ष गेलं. निळ्या रंगाची पाती, त्यांवर कंपनीचे कागद चिकटवलेले. विकायला ठेवलेली फावडी ओळीनं भिंतीला टेकून उभी होती. त्यातल्याच एकाच्या पात्याचा रंग उडाला होता, आणि पात्याच्या खोबणीत वाळलेला काळा चिखल होता.

आण्याच्या तळ्याकाठचा चिखल. दादाभाऊनं रविवारी उपसलेला.

अश्विनीनं सावकाश दुकानभर नजर फिरवली. दोरांच्या वेटोळ्यांत एक रुंद पिवळा पट्टा टांगला होता. प्लास्टिकच्या दारांच्या गठ्ठ्यामागून केशरी पाट्यांची कड डोकावत होती. फवारणी पंपांच्या खोक्यांच्या रांगेत शेवटचं खोकं दोरीनं बांधलेलं होतं.

चोरीचं सामान दोन दिवस गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर दुकानात मांडलेलं होतं.

आणि रोज सकाळी दुकान मांडायचं काम या घरात एकच माणूस करत होता.

५

अरिहंत जेवायला वर गेला, तेव्हा अश्विनी पुन्हा आत वळली. तिनं ते फावडं उचलून शेठच्या पुढ्यात, गादीच्या कडेला, अलगद ठेवलं.

"बाबा, हे विकायचं आहे का?"

शेठनी फावड्याकडं बघितलं. मग तिच्याकडं. माळेतला हात थांबला.

"मी लपवायला गेलो," ते हळूच म्हणाले, "तर लपवायची जागाच सापडेना. आयुष्यात काही लपवलेलं नाही ना. मग वाटलं, दुकानातली वस्तू दुकानातच ठेवावी. म्हणजे चोरी नाही झाली."

अश्विनीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ती खाली जमिनीवर बसली.

"गाव डोंगरातलं आहे ना तुमचं?"

"असेल. मला नक्की ठाऊक नाही." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "चार वर्षांचा होतो मी. एक टेकडी आठवते. सीताफळं आठवतात. आईचा आवाज आठवतो, तोंड आठवत नाही. गाव आठवायला आईबाप लागतात, पोरी. मागून सांगणारं कोणीतरी लागतं. मला कोणी नव्हतं."

"मग वाळू?"

"लग्न झालं तेव्हा पानबाईनं विचारलं, तुमचं गाव कसं? ती एवढी हौसेनं नगरचं सांगत होती. किल्ला, वेस, मावश्या, आत्या. माझ्याकडं एक टेकडी. लाज वाटली. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर वाळू आणि उंटांची रांग. तेच सांगितलं. ती ऐकतच राहिली. मग दर वेळी थोडं थोडं वाढत गेलं. पुढं अरिहंत रडत आला तेव्हा तीच वाळू त्याच्या उपयोगी पडली. मग आता ती परत कशी घ्यायची?"

बाहेर कोणीतरी अर्धा इंची पाइप आहे का म्हणून विचारलं. शेठनी त्याला उद्या यायला सांगितलं.

"तो मला धोऱ्यावर बसवणार. तिथली माणसं म्हणणार, असलं कोणी इथं नव्हतंच. मित्रांसमोर त्याची काय राहील? मला वाटलं, वाळूपर्यंत पोचलंच नाही तर सगळं निभेल. देवळं बघून परत येऊ. आणि तो रीनाला बोलला. माझ्यासमोरच बोलला." त्यांनी माळ गादीवर ठेवली. "मी पाठ फिरवली. तोंड उघडलं असतं तर त्याच क्षणी संपलं असतं. नाही उघडलं. चोरीपेक्षा हे वाईट केलं मी."

"हो," अश्विनी म्हणाली. तिला खोटा धीर द्यावासा वाटला नाही. "ते वाईट झालं."

"तू सांग सगळ्यांना. मला जमणार नाही."

"मी सांगणार नाही, बाबा. सामान मिळालं एवढं मी सांगू शकते. पण रीना तेवढ्यानं परत येणार नाही. तिच्यावरचा आळ तुमच्याच तोंडून उतरायला पाहिजे."

शेठनी फावड्यावरचा चिखल नखानं खरवडला. मग टोपी घातली आणि गुडघ्यावर हात देऊन उठले.

"मंचरला आत्ता गाडी आहे का तुझी?"

"एसटी नाही. पण जीप आहे."

६

अमृतची जीप मंचरच्या गल्लीत शिरली तेव्हा उन्हं कलली होती. रीनाच्या वडिलांनी व्याह्यांच्या घरचे वडीलधारे दारात बघितले आणि लगबगीनं पुढं आले. शेठ आत गेले नाहीत. अंगणातच उभे राहिले.

"रीनाला बोलवा."

ती आली. डोक्यावर पदर घेऊन पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला वरच्या वर धरलं.

"आज तू वाकायचं नाही. सामान मी घेतलं होतं. अरिहंत तुला बोलला तेव्हा मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसलो. माझं चुकलं, बेटा."

रीनानं अश्विनीकडं बघितलं, वडिलांकडं बघितलं. मग एकदम म्हणाली, "दादाजी, तुम्ही दोन दिवस जेवलात का?" आणि त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेली. शेठ सूर्य बुडाल्यावर जेवत नसत, म्हणून तिनं घाईघाईनं ताट केलं. शेठ जेवता जेवता सगळं सांगत होते आणि मधेच त्यांना ठसका लागत होता.

रीनाही जीपमधून परत आली. नारायणगावला मात्र एवढं सोपं गेलं नाही. अरिहंतनं सगळं ऐकून घेतलं आणि खाली दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. अमृत त्याच्याजवळ जाणार होता, अश्विनीनं त्याला अडवलं. रीना गेली. ती त्याच्या शेजारी बसली, पण जरा अंतर ठेवून.

"तुझी माफी कशी मागू तेच कळत नाही," तो म्हणाला.

"सावकाश माग. घाई नाही."

"आणि त्यांनी... इतकी वर्षं?"

"तू त्यांना कधी विचारलंस का, गाव कसं होतं म्हणून? तू फक्त गोष्ट मागितलीस. मलाही तू विचारलं नव्हतंस."

तो उठून वर आला. पानबाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. नवऱ्याकडं बघतही नव्हत्या. शेठ भिंतीकडं तोंड करून. निरोप मिळून दादाभाऊही आला होता, तो दाराशी उभा.

"दादाजी," अरिहंत म्हणाला, "म्हणजे तुम्ही वाळवंट कधी बघितलंच नाही?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"कॅलेंडरवर."

अरिहंतचा चेहरा ओढलेलाच होता, पण त्याच्या घशातून काहीतरी निघालं. ते रडणं की हसणं हे कोणालाच आधी कळलं नाही. ते हसू होतं. मग अमृत हसला, दादाभाऊ पोट धरून हसला, आणि पानबाईंनी पदर काढून नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "पन्नास वर्षं! पन्नास वर्षं मी शेजारणींना हे सांगतेय!"

"मग आता बघायलाच पाहिजे," अरिहंत म्हणाला. "आधी डोंगराच्या सांकरण्याला जाऊ. मग वाळूत."

"सामान हाय का?" दादाभाऊनं विचारलं.

"दुकानात लावलंय," अश्विनी म्हणाली. "भाव तेवढा विचारू नका."

ती मंडळी शुक्रवारी निघाली. निघताना साळुबाईंनी प्रत्येक गाडीवरून नारळ ओवाळला आणि अमृतला दर मुक्कामाला फोन करायची शपथ घातली. डोंगराच्या पायथ्याचं सांकरणा लहानसं निघालं. तिथं शेठना ओळखणारं कोणी नव्हतं, आणि त्यांचं घर कुठं होतं हेही कोणाला सांगता आलं नाही. गावामागं एक खडकाळ टेकडी मात्र होती. शेठ तिच्या पायथ्याशी उभे राहिले आणि बराच वेळ हलले नाहीत. कोणी त्यांना हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार उतरल्यावर पहिला धोरा दिसला. दादाभाऊनं सगळ्या चाकांची हवा काढली. तरीही अमृतची जीप रुतलीच; पाट्या घालून, फावडं मारून, हसत-शिव्या देत सगळ्यांनी ती काढली. मग तंबू ठोकायला सुरुवात झाली. रीना आणि अरिहंत एकाच खुंटीवर हातोडा मारत होते आणि खुंटी काही नीट बसत नव्हती.

शेठ एकटेच धोऱ्यावर चढायला लागले. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येत होतं. मधे दोनदा ते टेकले. अश्विनी मदतीला निघाली, तर अरिहंतनं मान हलवली: जाऊ दे. अखेर ते माथ्यावर पोचले आणि पलीकडं तोंड करून उभे राहिले. पलीकडं काय होतं ते खालून कोणालाच दिसत नव्हतं.

पानबाई खाली गालिच्यावर बसल्या होत्या. त्यांनी तोंडाशी दोन्ही हात धरले आणि हाक मारली, "अहो, कसं आहे? सांगा की!"

शेठ वळले. मग हात पुढं करून म्हणाले, "वर ये. हे सांगता येत नाही."